सावरगुंडीचं नाव

हैदराबाद शहराला पाणी पाहिजे होतं, म्हणून सावरगुंडी बुडवली. सरळ गोष्ट आहे, उगाच विकास-बिकास म्हणू नये. तिथल्या काचीगुड्याच्या भाड्याच्या घरात नळ सुटला की तारामती म्हणायची, "आलं बघ आपलं गाव."

तिची पोरगी त्रिवेणी सरकारी प्रयोगशाळेत विषाणू शोधायची. धरणाच्या काठावर गावातली एकच चिंच उरली होती आणि तिला वटवाघळं लटकलेली असत. त्रिवेणीनं जाळी लावून ती धरली, त्यांच्या तोंडातली लाळ काड्यांवर घेतली नि सोडून दिली. लाळेतल्या जनुकांची अक्षरं यंत्रानं वाचली. जगभरच्या नोंदींशी ताडून पाहिली, तर कुठंच जुळेना. विषाणू नवा होता!

"अभिनंदन, मॅडम," तिच्या जोडीला काम करणारा पुण्याचा उदय म्हणाला. "जिथं सापडला त्या जागेचं नाव द्यायची रीत आहे. काय देऊ या?"

नकाशातून गाव गेलं, एसटीच्या पाटीवरून गेलं. उठवलेल्या लोकांची पोरं आता 'कॉलनी नंबर दोन' सांगतात. आणि आता जगभरची माणसं सावरगुंडी म्हणणार! घरी जाईपर्यंत ती मनातल्या मनात गावातल्या गल्ल्या फिरून आली.

तारामतीनं ऐकलं नि हातातली ज्वारीची भाकरी परातीत आपटली.

"नक्को! गावाच्या नावानं रोग काढतीस?"

"रोग नाही गं आई. वटवाघळांना त्याचं काही होत नाही. माणसाला झाल्याचं अजून तरी दिसलं नाही."

"हे किती जणांला सांगत फिरशील? कॉलनीतल्या पोरी उजवायच्यात अजून. सोयरे म्हणतील, त्या वटवाघळाच्या रोगाच्या गावच्या का? बुडालं तरी चांगल्या नावानं बुडालंय. तेवढं तरी राहू दे."

म्हातारीचं खरं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं उदयला सांगितलं, "गावाचं नको. हैदराबाद टाका."

उदय हसला. "काय मॅडम! परदेशी कंपन्या यायला लागल्यात इथं. साहेब आपल्याला उलटं टांगतील, त्या वटवाघळांसारखं."

"असं? पाणी प्यायला शहर, नि बदनामीला खेडं!"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"तुम्ही नाही म्हटलं. सगळे तसंच वागतात." आणि मग आवाज उतरला. "नुसता नंबर टाका."

त्यानं नंबर टाकला. काम झालं. पण त्रिवेणी उठेना.

"उदय, एक करता? ते नाव एकदा तोंडानं म्हणा."

"कुठलं?"

"गावाचं."

तो गोंधळला. "सावर... गुंडी."

"तोडून नाही. एका दमात."

"सावरगुंडी."

आईशिवाय दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते नाव तिनं कित्येक वर्षांत ऐकलं नव्हतं. तिनं डोळे मिटले.

"अजून एकदा," ती म्हणाली.