एकच फडकं

फोटोत पामच्या पानामागे काळे, गोल ठिपके होते. प्रत्येकाला मेणाची पांढरी किनार. मी फोनवर म्हणाले, "बाबा, खवले कीड दिसतेय. साबणाच्या पाण्याने पुसून काढा."

नमुना मागवला नाही. वीस वर्षं किड्यांवर काम करणाऱ्या बाईने फोटोवरून निदान केलं.

बाबांची पामची रोपवाटिका होती. त्यांनी दुसऱ्याच दिवशी पुसायला घेतलं. एक बादली, आईच्या जुन्या गाऊनचं एक फडकं आणि दोनशे कुंड्या. सगळ्यांत शेवटी, निवांतपणे, दारातला पाम. तो आईने बीपासून वाढवलेला. ती गेल्यापासून बाबा जे काही बोलत, ते त्याच्याशीच.

दोन महिन्यांत पानांवर काजळी धरली, मुंग्यांच्या रांगा लागल्या. तेव्हा कुठे मी एक ठिपका सूक्ष्मदर्शकाखाली उलटा केला. पोटाखाली दुमडलेले पाय, पुढे बारीक सोंड. तो मावा होता. परदेशातून कुठल्यातरी कुंडीत बसून आलेला. त्याला खाणारं इथे कुणी नाही. त्याला नराचीही गरज लागत नाही, एकटी मादी पिल्लं घालत राहते. मोठी झाली की ती जागची हलत नाही. पिल्लं मात्र थोडा वेळ चालतात. तेवढ्यात पानावरून फडकं फिरलं, की ती पुढच्या कुंडीवर पोचतात.

परदेशी कीड म्हणून मी आमच्या खात्याला कळवलं. घरचंच प्रकरण, म्हणून तपासणीला माझा सहकारी आला. मी नुसती मुलगी म्हणून उभी होते.

"काका, सगळी झाडं जाळावी लागतील."

"जाळा. दारातलं तेवढं ठेवा. ते ठणठणीत आहे. विचारा आमच्या किडेबाईला."

मी भिंग घेऊन गेले. खालची पानं स्वच्छ. वरचीही. मधल्या कोवळ्या पानाच्या घडीत एक ठिपका होता. त्याच्या कडेने चार फिकट पिल्लं चालली होती.

"काय गं?"

मी भिंग बाजूला केलं.

"नीट बघ. डोळ्यांसमोरचा मिठाचा डबा सापडत नाही तुला, आई म्हणायचीच."

"आहे, बाबा."

ते पायरीवर बसले.

सहकाऱ्याने तपासणीचा फॉर्म उघडला. त्यात 'प्रसाराचा मार्ग' असा रकाना असतो. त्याने बादलीतल्या फडक्याकडे पाहिलं. "पुसायला कुणी सांगितलं होतं, काका?"

"कोण सांगणार? हिच्या आईची सवय. ती गेली, सवय माझ्या गळ्यात मारून गेली."

आईने जन्मात कधी पान पुसलं नव्हतं. ती पाइप धरून झाडं धुवायची, आणि बाबांनाही भिजवायची.

"मी सांगितलं," मी म्हणाले. "फोटो बघून. तसंच लिही."

पेन थांबलं. बाबा माझ्यावर खेकसले, "गप्प बस. लिहून झाड परत येणारे का?"

"नाही."

"मग?"

मी त्या रकान्यावर बोट ठेवलं. सहकाऱ्याने लिहिलं.

बाबा उठले. फडकं पिळलं, झटकून सरळ केलं. "हेही जाळायचं असेल ना?"

"हो."

त्यांनी ते दारातल्या पामच्या बुंध्याभोवती गुंडाळलं आणि घट्ट गाठ मारली.

"मग एकत्रच जाऊ दे."