भरल्या पत्रावळीवरून

“आत्या, मामा केरबाआण्णांच्या पंगतीत बसल्यात!” सून पूजानं दारातूनच सांगितलं. स्वयंपाकघराला कुलूप होतं, पण मागच्या दाराची कडी लावायला मीच विसरले होते. अनवाणीच धावले.

पूजाचे मामा म्हणजे आमचे हे, बिराप्पा, एसटीचे ड्रायव्हर. नोकरीत होते तोवर डब्यातली अर्धी भाकरी कंडक्टरला दिल्याशिवाय जेवले नाहीत. आता दोन वर्षं झाली, कच्चा बटाटा म्हणू नका, म्हशीची पेंड म्हणू नका, हाताला लागेल ते तोंडात. मी कुलूप लावलं तर गावभर सांगत सुटले, “बायकू उपाशी ठेवती मला.” झालं! गावाला तेवढंच हवं होतं. आयाबाया पदराआडून भजी आणून द्यायला लागल्या. जळलं मेलं त्यांचं पुण्य!

सांगलीच्या डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून दाखवलं होतं. “मेंदूच्या तळाशी हा बदामाएवढा भाग. कितीतरी हार्मोन इथल्या पेशींच्या हुकमानं सुटतात. भूक लागली, पोट भरलं, हेही इथंच कळतं. मेंदू झिजण्याच्या या आजारात त्या पेशी मरत चालल्यात. तुमचे मालक खोटं बोलत नाहीत, बाई. त्यांना खरंच भूक लागते. पण घास चावत नाहीत. घशात अडकला तर...” गेल्या महिन्यात एकदा अडकला होता. ओठ निळे पडले होते.

भावकीतल्या केरबाच्या नव्या घराची वास्तुशांत. मांडवात पुरुषांची पंगत. ह्यांचे दोन्ही गाल बुंदीनं फुगलेले आणि हात पुन्हा पत्रावळीत. मी दंडाला धरलं. “उठा. घरी चला.”

केरबा भाताची पाटी घेऊन तसाच थांबला. “वैनी, भरल्या पत्रावळीवरनं उठवताय? आजच्या दिवशी? माझ्या दारात?”

“घरात घालायचं न्हाई, भायेर खाऊ द्यायचं न्हाई,” पंगतीतून कोणीतरी म्हणालं.

लाजेनं कानशिलं तापली. रागही आला, पण भांडायला वेळ कुठं होता? “न्हाई उठवत,” म्हणाले आणि पुरुषांच्या पंगतीत ह्यांच्या शेजारी मांडी घातली. एका हातानं मनगट धरलं, दुसऱ्यानं भात कुस्करला. “चावा. आता गिळा. आ करा बघू.” एक बारीक घास ह्यांना, एक मोठा मला. पत्रावळ लवकर संपायला हवी होती. सगळा मांडव बघत होता. बघेना का!

हे माझ्या तोंडाकडे बघायला लागले. घरी भाकरी काढून घेतली की हात पिरगाळायचे. आता चारचौघांत मारतात की काय, म्हणून मी अंग चोरलं.

“केरबा,” हे ओरडले, “हिलाबी वाढ गड्या. लय भूक लागलीया हिला.”

केरबानं मान खाली घालून माझ्यापुढे पत्रावळ मांडली. भात वाढला, बुंदी वाढली. मला भरून आलं. किती दिवसांनी ह्यांनी माझा विचार केला होता.

तोवर ह्यांचा हात माझ्या पत्रावळीत शिरला होता.

मी मनगट धरलं. “तोंडातलं चावा,” म्हणाले. “आधी ते चावा.”