मनांग सोलिंगचा शेरा

गुणपत्रक विभागाची प्रमुख म्हणून नोएमीचं नाव जाहीर झालं, तेव्हा सगळ्यात मोठ्यानं टाळ्या वाजवल्या त्या सोलिंगनं. दुसऱ्या दिवशी ती घरून पातेलंभर पान्सित, म्हणजे परतलेल्या शेवया, घेऊन आली आणि साऱ्या कचेरीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "ही इंदाय, ही पोरगी, माझ्या हाताखाली आली ना, तेव्हा फायलीला सुतळी बांधताना स्वतःचं बोट बांधून घ्यायची. आता बघा, माझीच साहेब!"

फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या त्या विद्यापीठात दोघींची टेबलं कित्येक वर्षं शेजारी होती. सोलिंग वयानं थोरली, म्हणून सगळ्यांचीच मनांग, म्हणजे ताई. खिडकीवर ती असली की तणतणत आलेला माणूसही हसत परत जायचा. परदेशी निघालेल्या नर्सा, जहाजावर चढणारे खलाशी, ज्याला त्याला ती विचारायची, जेवलास का, आई कशी आहे. अडचण एकच होती. गुणपत्रकं संगणकावर तयार व्हायला लागल्यापासून तिचा हात चालेना. काही चुकून पडदा लाल झाला की ती घाबरून मागे सरायची. मग नोएमी म्हणायची, "सरक मनांग, मी करते." आणि करून टाकायची.

केबिनमध्ये बसायला लागल्यावर नोएमीला ते जमेना. बैठका, सह्या, वरून येणारी पत्रं. सोलिंगच्या टेबलावर अर्ज साचत गेले. बाकीचे कारकून आपलं संपवून तिचं उपसायचे आणि जिन्यात कुरकुरायचे. शेवटी एक दिवस एक नर्स खिडकीशी येऊन रडली. गुणपत्रक वेळेवर मिळालं नाही म्हणून तिची नोकरीची मुलाखत हुकली होती. सोलिंगही तिच्याबरोबर रडली, पण त्यानं मुलाखत काही परत मिळाली नाही.

त्याच महिन्यात वार्षिक शेरे लिहायचे होते. कुलसचिव क्लेमेंते भला माणूस. तो म्हणाला, "सगळ्यांना अत्युत्कृष्ट लिहून मोकळी हो. आजवर तेच चालत आलंय. कुणाचं काय जातं?"

नोएमीला त्या नर्सचा चेहरा आठवला. सोलिंगच्या नावापुढे तिनं 'समाधानकारक' लिहिलं. त्या एका शब्दानं सोलिंगचं नाव बढतीच्या यादीतून गळणार होतं, आणि निवृत्ती काही फार लांब नव्हती.

सोलिंग आरडाओरडा करेल असं नोएमीला वाटलं होतं. पण ती चहाच्या वेळी केबिनमध्ये आली, दार लोटलं आणि शांतपणे बसली.

"गेल्या वर्षी अत्युत्कृष्ट, यंदा समाधानकारक. वर्षभरात मला काय झालं गं?"

"मनांग, काम साचलंय. तुलाही दिसतंय."

"दिसतंय की. आधी साचत नव्हतं, कारण तू उपसत होतीस. मग गेल्या वर्षीचा शेरा कुणाचा, तुझा की माझा?"

नोएमीनं समोरची फाईल मिटली. सोलिंग पुढे बोलत राहिली.

"मी तुला म्हटलं होतं, शिकव मला. तू काय म्हणालीस? 'तुला समजावत बसण्यापेक्षा मीच करते.' मलाही आयतं बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण त्याच कामावर तुझ्या बढतीच्या कागदात लिहिलं गेलं, 'सहकाऱ्यांचाही भार उचलते.' आणि त्याच कामावर मला हे." ती उठली. "येते मी. बसा तुम्ही, मॅडम."

ते 'तुम्ही' नोएमीला फार लागलं. शेऱ्यावर अजून क्लेमेंतेची सही व्हायची होती. एक शब्द खोडला असता तर भागलं असतं. तिनं तो कागद पुन्हा काढला, बराच वेळ समोर ठेवला. पण शब्द खरा होता. अर्धाच खरा होता, एवढंच. उरलेला अर्धा लिहायला त्या कागदावर जागा नव्हती.

कागद तसाच वर गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी नोएमी खुर्ची ओढत सोलिंगच्या टेबलाशी गेली.

"शिकवायला आलेय. उशीर झालाय, माहितेय."

सोलिंगनं मान वर केली नाही. "हात लावायचा नाही."

"नाही लावत."

नोएमी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसली. सोलिंग एकेक अक्षर शोधत होती, चुकत होती, पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होती. पडदा लाल झाला की नोएमीचे हात शिवशिवायचे. आपण इतकी वर्षं जिला माया समजत होतो, तिच्यात स्वतःची घाई किती आणि मिरवणं किती, हे तिला तिथं बसून हळूहळू कळत गेलं. रोज दुपारी हे चाललं. कधी सोलिंग चिडून उठून जायची, आणि थोड्या वेळानं परत यायची.

यादी निघाली तेव्हा बढती दुसऱ्या विभागातल्या एकाला मिळाली. सोलिंगनं त्याचं अभिनंदन केलं आणि त्या दिवशी ती एकटीच जेवली. दोघींचं एकत्र जेवण पूर्वीसारखं पुन्हा सुरू झालं नाही.

पाऊस संपता संपता एका सकाळी नोएमीला केबिनमध्ये खिडकीवरचा आवाज ऐकू आला.

"हे घे तुझं गुणपत्रक. मी स्वतः काढलंय. नाव नीट तपास, आणि आईला विचारल्याशिवाय जहाजावर चढू नकोस!"

कुणीतरी खलाशी लाजून हसला. नोएमी बघायला म्हणून अर्धवट उठली, मग पुन्हा खाली बसली आणि पुढचा अर्ज तिनं ओढून घेतला.