लाल वायर बाहेरच्या अंगाला

"काका, ह्या पेट्या कुठल्या कंपनीच्या?" दुकानदारीण बाईने विचारलं.

"माझ्या," सुतार म्हणाले.

स्पीकर तेवढे विकतचे होते, पेट्या त्यांच्या हातच्या. घरचा जुना ॲम्प्लिफायर धूर सोडून गप्प झाला होता. नवा शोधायला ते पेट्या टेम्पोत घालून आले होते. बरोबर बायको होती. तिचा उभा जन्म यंत्रमागाच्या खडखडाटात गेलेला. बारीक आवाज गेले, जाड आवाज टिकलेत, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तिचं म्हणणं, तेही गेले. गाणं लागलं की ती उठून स्वयंपाकघरात जाई.

"माझ्या कानांवर कशाला खर्च करताय?" ती म्हणाली. अख्खं दुकान वळून बघेल एवढ्या मोठ्याने.

पेट्यांच्या मागचे वायरी जोडायचे स्क्रू साधे पितळी, कशाला रंगाची खूण नाही. बाईने त्यांना सेल टेकवून बघितला, स्पीकरचा पडदा पुढे येतो का मागे जातो ते पाहिलं आणि वायरी जोडल्या. सुतारांचं लक्ष फळीवरच्या ॲम्प्लिफायरकडे होतं. बायको मात्र बघत होती. बोलणं नीट कळत नसल्यामुळे ती माणसांचे हात बघायची.

पहिला ॲम्प्लिफायर लहान होता. आवाज वाढवला तसा तो फाटायला लागला.

"दमला हा. तुमचे स्पीकर करंट फार ओढतात. ह्याची तेवढी छाती नाही."

"मग तो वरचा मोठा द्या."

"घर केवढं आहे?"

"एक खोली आणि स्वयंपाकघर."

"मग आधी शेजाऱ्यांना विचारून या," बाई हसली आणि मधला काढला.

फोनमधल्या गाण्याचे आकडे असतात, त्यांचा आवाज करणारी एक डबीही लागणार होती. तिला डॅक म्हणतात. बाईने दोन लावून दाखवल्या. सुतारांना फरक कळला नाही. "मलाही फारसा कळत नाही," ती म्हणाली, "साधी घ्या."

बायको दोन पेट्यांच्या मधोमध खुर्चीवर बसली. जरा वेळाने तिची चप्पल हलू लागली.

"अहो, ठेका आहे!"

"ऐकू येतोय?"

"मग काय पायाला मुंग्या आल्यात?"

सुतारांनी लगेच सौदा पक्का केला.

घरी त्यांनी सगळं टापटीप मांडलं, वायरी जोडल्या, बायकोला मधे बसवलं आणि तेच गाणं लावलं. पाय हलला नाही.

"फसवलं त्या बाईने! दुकानात दुसरंच काहीतरी लावलं असणार."

"तिला बोल लावू नका. मलाच भास झाला असेल."

सुतार ॲम्प्लिफायर खोक्यात घालायला निघाले. बायको उठून पेट्यांच्या मागे वाकली.

"दुकानात असं नव्हतं. तिने लाल वायर दोन्हीकडे डावीकडे लावली होती. तुमची इथे डावीकडे, तिथे उजवीकडे."

"अगं, जोडी आहे ना ती! लाल दोन्हीकडे बाहेरच्या अंगाला. दाराच्या बिजागऱ्या असतात तशा. नाहीतर बेंगरूळ दिसतं."

"भिंतीकडच्या बाजूला कोण बघायला येतंय? मागावर एक धागा चुकीचा ओवला तरी कापड सांगतं. बदला ती."

सुतारांनी आधी दुकानात फोन लावला. बाईने ऐकून घेतलं. "काका, एक पेटी हवा पुढे ढकलतेय तेव्हा दुसरी मागे ओढतेय. जाड आवाज मधल्या मधे मरतो. कधीपासून अशी लावलीय?"

सुतारांनी भिंतींकडे बघितलं. खोलीला रंग दिला तेव्हा त्यांनी नव्या वायरी ओढल्या होत्या. तो रंग आता जागोजागी उडाला होता.

"झाली बरीच वर्षं," ते म्हणाले.

त्यांनी एका पेटीच्या वायरींची अदलाबदल केली. जोडी बेंगरूळ दिसू लागली. गाणं लागलं. बायको मान खाली घालून पायाकडे बघत राहिली. पाय हलत होता. तिने डोळे पुसले आणि मग हसली.

सुतार स्क्रू-ड्रायव्हर हातात धरून भिंतीपाशीच उभे होते.

"उभे काय राहिलात? खुर्ची आणा तुमची."

त्यांनी आणली. मधोमध जागा एकाच खुर्चीपुरती होती. ती थोडी सरकली.