चौथी गोळी

दाक्षायणीनं पाचवी गोळी अंगठ्यानं मॅगझिनमध्ये दाबली, मॅगझिन पिस्तुलाच्या मुठीत सरकवलं आणि खालून तळहाताची एक थाप दिली. पंचवीस मीटरवर पाच कागद एका रांगेत उभे होते, प्रत्येकाच्या मधोमध काळं वर्तुळ. हिरवा दिवा लागला की हात वर, आणि डावीकडून उजवीकडे पाच कागदांत पाच गोळ्या. आठ सेकंदांची फेरी झाली होती, सहाचीही झाली होती. आता चार सेकंदांची.

"श्वास," मागून सुभेदार म्हणाले.

"घेतला."

"मग हसतेस कशाला?"

"मजा येते म्हणून."

सुभेदार गुरुसिद्धप्पा अक्कलकोटकडचे. तीस वर्षं फौजेतली हत्यारं सांभाळून आलेला माणूस, आता दर रविवारी वळसंग रस्त्यावरच्या या जुन्या खाणीत नेमबाजी शिकवायचा. खाणीची उभी भिंत गोळ्या अडवायला आयतीच होती. म्हणून तर क्लब इथं निघाला.

दाक्षायणीचं नवी पेठेत चादरी-टॉवेलांचं दुकान. आठवड्याचे सहा दिवस गिऱ्हाइकापुढं घड्या उलगडायच्या आणि पुन्हा घालायच्या. एका चादरीवर मन बसायला कुणाकुणाला तास लागे. रविवारी मात्र चार सेकंदांत पाच वेळा मन ठरवायचं. बार उडाला की पिस्तूल आपलं आपण पुढची गोळी भरून घेई. तिनं बोट फक्त आतली बारीक टिक जाणवेपर्यंत सैल सोडायचं आणि पुन्हा दाबायचं. नळी उसळून खाली येतेय तोवर नजर पुढच्या कागदावर गेलेली असायची. एखाद्या दिवशी सगळं जमून आलं की फुगडीला ताल सापडावा तसं व्हायचं. मग दुसऱ्या दिवशी दुकानातही तिच्या हाताला ती लय राही.

आज मात्र बघायला माणसं आली होती. क्लबची कमिटी मागं, चहाच्या शेडपुढच्या बाकांवर बसली होती आणि दिव्याच्या बटणापाशी सचिव इंद्रजीत उभा होता. एका गोळीसाठी मिनिटभर डोळा लावून बसणारा, निवांत नेमाचा माणूस. जिल्ह्यात त्याच्या तोडीचा कुणी नव्हता. रॅपिडचा, म्हणजे असा भराभर नेम मारायचा, हा पट्टा बंद करून तिथं एअर रायफलची शेड घालावी, असं त्यानं कमिटीपुढं मांडलं होतं. तो मनाचा वाईट नव्हता. सकाळी स्वतः तिच्याजवळ येऊन बोलला होता.

"ताई, राग मानू नका. तुमचा हात चांगलाय, मान्य. पण हे दणादण मारणं म्हणजे न बघता मारणं. नवीन पोरांना हीच सवय लागली तर उद्या काहीतरी होऊन बसेल."

"न बघता कोण मारतंय?"

"चार सेकंदांत काय बघणार, ताई?"

ती पेटी उघडून पिस्तूल पुसायला लागली होती. बोलून पटण्यासारखी ही गोष्ट नव्हतीच.

आता तिनं हात तिरका खाली धरला. तांबडा दिवा विझला. हिरवा लागला.

हात वर. पहिला कागद. उसळी, टिक, दुसरा. तिसऱ्याला नळी जागच्या जागी येऊन बसली आणि बोटानं दाबलंही. हाताच्या आधी नजर चौथ्या कागदावर जाऊन पोचली.

आणि त्या कागदाच्या पलीकडं, पाचव्याच्या अंगाला, एक हिरवा काठ हलला.

बोट थांबलं. खरं तर ते टिकेपर्यंत सैल होऊन पुन्हा दाबायला निघालं होतं. वाटेतच थांबलं.

"थांबा!" दाक्षायणी ओरडली. तोवर तिचा हात खाली आला होता, बोट घोड्यावरून निघालं होतं. तिनं मॅगझिन काढलं, नळीतली गोळी टेबलावर पाडली आणि पिस्तूल उघडं करून ठेवलं. हे सगळं तिनं मान वर ठेवून, समोर बघत केलं.

पाचव्या कागदापाशी हिरव्या काठाच्या लुगड्यात बजाबाई उभी होती. कागदांवरच्या भोकांना चिकट्या लावायचं काम तिचं. फेरी चालू असेतोवर ती उजवीकडच्या दगडी भिंतीआड बसे, कानात कापसाचे बोळे घालून. फेरी संपली, पिस्तूल रिकामं झालं, की इंद्रजीत घंटी वाजवी आणि मग ती बाहेर येई. अकरा वर्षं हाच शिरस्ता.

"काय झालं?" बजाबाईनं कानातला बोळा काढत विचारलं. "घंटी वाजली की."

"मी वाजवली नाही," इंद्रजीत म्हणाला. त्याचं बोट अजून दिव्याच्या बटणावरच होतं.

तेवढ्यात फाटकाकडून सोमशेखर आले, कमिटीचे अध्यक्ष. रुमालानं मान पुसत, उशीर झाल्याचं हसू तोंडावर घेऊन.

"घंटी बसवलीत ते बरं केलंत. नाहीतर फाटकाशी हाका मारत बसायची वेळ. सुरू झालं का?"

फाटकाची घंटी पाहुण्यांसाठी इंद्रजीतनंच काल बसवली होती. आतल्या घंटीच्या जोडीचीच, एकाच दुकानातून आणलेली. दोन्हींचा आवाज एकच होता.

इंद्रजीत बटण सोडून फाटकाकडं गेला आणि ताराच ओढून तोडून आला. परत आला तेव्हा ती घंटी त्याच्या मुठीत होती आणि कुठं ठेवावी हे त्याला सुचत नव्हतं.

"आज राहू दे," सोमशेखर म्हणाले. आता त्यांना सगळं कळलं होतं. "कमिटीनं काय बघायचं ते बघितलं."

"फेरी अर्धी आहे," दाक्षायणी म्हणाली. "पुन्हा घेते. पण बजाबाई आज शेडमध्ये बसतील. चहा घेत."

"मी न्हाय बसत शेडात," बजाबाई म्हणाली. "माजी जागा भिंतीमागं. तितनंच मला गोळ्या मोजता येत्यात. तीनच गोळ्या वाजल्या तवाच मला कळाय पायजे व्हतं."

"मावशी, अहो..." सोमशेखर म्हणाले.

"या बाईच्या हाताचं मला भ्या न्हाय." ती इंद्रजीतकडं वळली. "घंटी वाजवू नगा. बार झालं की नाव घिऊन हाक मारा. मी आपली येते."

ती गेली. भिंतीआड पदर सावरून बसताना दिसली, मग दिसेनाशी झाली. सुभेदार दाक्षायणीपाशी आले.

"हात दाखव."

तिनं हात पुढं धरला. त्यांनी तो बराच वेळ निरखला. बोटं स्थिर होती.

"साकु," ते कानडीत म्हणाले. पुरे. आणि मागं सरकले.

हिरवा दिवा लागला. पाच बार झाले, एकाला एक लागून तरी प्रत्येक सुटा. खाणीच्या भिंतीवरून त्यांचा पडसाद परत आला तेव्हा तिचा हात खाली आला होता. पाचही भोकं काळ्या वर्तुळांत होती, चार अगदी मध्यात. बाकांवर कुणीतरी टाळी वाजवली, एकट्यानंच, आणि ओशाळून थांबला. सोमशेखरांनी हातातल्या एअर रायफल शेडच्या नकाशाची घडी घालून तो पुन्हा खिशात ठेवला.

"बजाबाई!" इंद्रजीतनं हाक मारली. आवाज जरा मोठाच लागला.

माणसं पांगली, चहा झाला. बजाबाई डबा सोडून शेडच्या पायरीवर जेवायला बसली. दाक्षायणी पिस्तूल पुसून पेटीत ठेवत होती, तेव्हा इंद्रजीत टेबलाशी येऊन उभा राहिला.

"ताई, मी तिथं उभा होतो. माझ्या हातात पिस्तूल नव्हतं. मला फक्त समोर बघायचं होतं." तो थांबला. "मला बजाबाई दिसल्या नाहीत."

दाक्षायणीनं त्याच्याकडं बघितलं. मग पेटीतलं पिस्तूल पुन्हा बाहेर काढलं आणि मॅगझिन त्याच्यापुढं ठेवलं.

"पाच भरा."

त्यानं भरल्या. त्याची बोटं सफाईदार होती, वर्षानुवर्षांची.

"आठ सेकंदांची घ्या. घाई नको. आणि हाताकडं लक्ष नको. गोळी सुटली की आधी नजर पुढच्या कागदावर, हात येईल मागून."

तिनं शेडकडं वळून बजाबाई पायरीवरच आहे हे बघून घेतलं, सबंध पट्ट्यावरून नजर फिरवली आणि दिवा लावला. इंद्रजीतचा हात वर गेला. पहिली. दुसरी. तिसरी.

"थांबा," दाक्षायणी म्हणाली.

त्याचं बोट थांबलं नाही. चौथी सुटली होती.

इंद्रजीतनं हात खाली घेतला. चौथ्या कागदाच्या काळ्या वर्तुळात अगदी मधोमध भोक पडलं होतं. तो त्याच्याकडं बघत राहिला.

"पुन्हा," ती म्हणाली.