पृथ्वीचं पांघरूण आणि कोरी चिठ्ठी

“मास्तर, चंद्रावर बी तोच सूर्य तापते अन् आपल्यावर बी तोच. मग रात्री चंद्र बर्फाहून थंड होते, अन् आपण काऊन नाई गोठत?”

सिंदीच्या शाळेत नववीच्या वर्गात हा प्रश्न आला आणि सगळी पोरं माना वळवून दाराकडे बघू लागली. प्रश्नात तसं वावगं काहीच नव्हतं. वावगं होतं ते एवढंच, की तो एका मुलीने, कांताने, स्वतःच्या तोंडाने विचारला होता!

त्या शाळेत एक रीत होती. ती कोणी घातली हे कोणालाच ठाऊक नव्हतं, पण मोडायची हिंमतही कोणात नव्हती. मुली दाराजवळच्या दोन बाकांवर बसत. मुलीला शंका आली की तिने ती चिठ्ठीवर लिहायची, चिठ्ठी हातोहात मॉनिटरकडे जायची आणि मॉनिटरने उभं राहून ती खणखणीत आवाजात वाचायची. मॉनिटर होता बबन, कांताचा चुलतभाऊ. तो कांताच्याच घरी राहून शिकत होता. मुलींच्या चिठ्ठ्या वाचून वाचून बबनचं गावभर नाव झालं होतं. लोक म्हणत, पोरगं काय एकेक प्रश्न विचारतं!

रशियाने आकाशात आपला कृत्रिम चंद्र सोडला त्या वर्षीची ही गोष्ट. जो तो वर बघत होता. मधल्या सुट्टीत कांताने हा प्रश्न काढला तेव्हा तिच्या बाकावरची सुधा म्हणाली, “चिठ्ठी नाई, तोंडानं विचार. हिंमत असन तं.” दुसरी मैत्रीण इंदिरा, तिने वर ओटीभर बोरांची पैज लावली. आता बोरांसाठी कांता उठली की हिमतीसाठी, हे तिचं तिलाही सांगता आलं नसतं. पण उठली खरी.

विज्ञान शिकवणारे बंडोपंत मास्तर फळ्याकडे वळले. मग त्यांनी खडू उचलला आणि फळ्यावर पृथ्वी काढली.

ते म्हणाले, सूर्याचा उजेड हवेतून सरळ खाली येतो आणि जमीन तापवतो. तापलेली जमीन ती उष्णता परत देते, पण डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांनी. हवेत जास्त करून नत्रवायू आणि प्राणवायू असतो, ते या किरणांना अडवत नाहीत. पण हवेत थोडी पाण्याची वाफ असते आणि अगदी चिमूटभर कार्बन डाय-ऑक्साइड असतो. हे दोघे ती उष्णता पिऊन घेतात, तापतात आणि चहूकडे परत देतात. काही वर निसटते, पण बरीच पुन्हा जमिनीकडे येते. म्हणून पृथ्वी उबदार. हे पांघरूण नसतं तर नद्या काय, समुद्रही गोठले असते. चंद्राला हवाच नाही. त्याची रात्र आपल्या पंधरवड्याएवढी असते हेही खरं, पण पांघरूणच नाही तर ऊब टिकणार कशी?

“म्हणूनच आभाळ आलं की रात्री थंडी कमी वाजते!” कांता बसल्या बसल्या बोलून गेली. चिठ्ठी पुन्हा विसरली! मास्तरांनी चष्मा काढून पुसला आणि सांगितलं, की शाळेच्या स्नेहसंमेलनात प्रयोग करून हेच लोकांना समजावायचं. करशील का?

कांता त्या दिवशी घरी चालत आली नाही, पळत आली.

तिचे वडील रूपराव कापसाच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात कारकून होते आणि शाळेच्या कमिटीवरही होते. वाचनालयात स्त्री-शिक्षणावर बोलायचं असलं की त्यांनाच बोलावणं यायचं. ते असे काही बोलत, की ओट्यावरच्या बायकासुद्धा पदर सावरून ऐकत. त्यांनीच कांताला दोन खोके करून दिले. दोन्हींत काळी माती भरली, एकावर काच बसवली, शाळेतून दोन थर्मामीटर आणवले. उन्हात ठेवलं की काचेच्या खोक्याचा पारा भराभर चढायचा आणि ऊन उतरल्यावरही लवकर उतरायचा नाही. संध्याकाळी अंगणात कांता भाषण म्हणायची आणि रूपराव खाटेवर बसून दुरुस्त्या सांगायचे. “इथं थांब. लोकायले विचार करू दे. मग पुढचं बोल.” बबनही गुडघे पोटाशी घेऊन बसायचा. “कांते, मधलं पुन्हा सांग ना,” असं म्हणायचा. कांताला केवढा आनंद व्हायचा! एरवी तिच्या खोड्या काढणारा हा भाऊ आता तिच्याकडून शिकतोय. ती पुन्हा सांगायची, आणखी सोपं करून सांगायची.

संमेलनाच्या दिवशी सकाळी ती न्हाऊन केस पुसत होती. परसातून तिला तिचंच भाषण ऐकू आलं.

“बंधू-भगिनींनो, रात्री आपण गोठत का नाही?” आणि मग तेच थांबणं, बाबांनी शिकवलेलं. फक्त आवाज बबनचा.

ती परसात गेली. बबन इस्त्रीचा सदरा घालून उभा होता, समोर बाबा. बबनने मान खाली घातली. रूपराव आधी खाकरले, मग म्हणाले, “सेलूची माणसं येऊन राह्यली आज. तुले पाहाले नाई, सहजच. पण पोरगी स्टेजवर चढून भाषण ठोकते असं त्यायच्या नजरेस पडलं तं उद्या घरात कोणी पाय ठेवन काय? बबन बोलन. मांडणी तं तुहीच आहे ना, घरात सगळ्यायले ठाऊक आहे.”

“घरात,” कांता म्हणाली. 

ती आईकडे धावली. आई, आनंदाबाई, चुलीपुढे बसली होती. तिने वर पाहिलं नाही. तिलाही माहीत होतं. सांगायचं जिवावर आलं, एवढंच ती पुटपुटली.

मग कांताच्या डोक्यात एकेक संध्याकाळ उलगडत गेली. बबन शिकत नव्हता, पाठ करत होता. बाबा ‘इथं थांब’ म्हणायचे ते तिला नव्हतं, बबनला ऐकवायला होतं. आणि ती वेडी, त्याला सोपं करून सांगत होती! परक्याने फसवलं तर माणूस भांडतो. ज्याने आपल्यासाठी खोका ठोकून दिला, त्याच्याशी भांडायचं तरी कसं?

संमेलनाला सगळं गाव लोटलं. बायकांसाठी एका बाजूला चिकाचा, बांबूच्या काड्यांचा पडदा होता. कांता त्याच्यामागे बसली, शेजारी मनकर्णा आत्या. आत्या रूपरावांची मोठी बहीण. लवकर विधवा झाली, नर्सिंग शिकली आणि वर्ध्याला दवाखान्यात लागली. भाचीचं भाषण ऐकायला ती मुद्दाम सकाळच्या गाडीने आली होती. स्टेजवर बबन चढला तेव्हा तिने कांताकडे पाहिलं.

बबन छान बोलला. खोटं कशाला सांगायचं? टाळ्या पडल्या. सर्वांत आधी रूपरावांनी वाजवल्या. कांताला वाटलं, त्या टाळ्या आपल्याच गालावर बसतायत.

पाहुणे होते वर्ध्याच्या कॉलेजातले एक प्राध्यापक. ते कौतुकाने उठले आणि म्हणाले, “शाबास! आता मला एक सांग. काचेच्या पेटीत तापलेली हवा कोंडून राहते, वर निघून जाऊ शकत नाही, म्हणूनही ती पेटी गरम असते. पृथ्वीवर तर असं कुठलं झाकण नाही. मग काच आणि हवा यांत फरक काय?”

बबन बघतच राहिला. हे त्याने पाठ केलं नव्हतं. कांताने हीच शंका मास्तरांना प्रयोगाच्या वेळी विचारली होती, कारण काचेची कड जरा उघडी राहिली की पारा घसरतो हे तिने पाहिलं होतं. पण हा भाग भाषणात लांबण लावेल म्हणून बाबांनीच गाळायला लावला होता.

मांडवात कुजबुज सुरू झाली. पुढच्या रांगेतून रूपरावांनी पडद्याकडे पाहिलं. मग त्यांनी खिशातून कागद काढला, काही खरडलं, आणि तो कागद एकीकडून दुसरीकडे, पडद्याखालून बायकांच्या हातांतून कांताच्या मांडीवर येऊन पडला. सोबत पेन्सिलीचा तुकडा. वर बाबांचं वळणदार अक्षर: ‘उत्तर लिही. लवकर.’

चिठ्ठी! मुलीने लिहायची आणि मुलाने वाचायची. शाळेतली रीत आज बाबांनी स्वतःच्या हाताने तिच्यापुढे टाकली होती.

उत्तर तिच्या जिभेवर होतं: काच तापलेली हवाच कोंडते, पृथ्वीची हवा मात्र जमिनीची उष्णता पिऊन परत देते. दोन ओळींचं काम होतं. बबनचा चेहरा बघून तिला कीवही आली. सुधाने कोपर मारलं, “लिही नं वं, शाळेची इज्जत जाईन.” कांताने पेन्सिल उचलली, कागदावर टेकवली. आणि मग खाली ठेवली. चिठ्ठीची घडी घालून, एक अक्षर न लिहिता, तिने ती आल्या वाटेने परत पाठवली.

प्राध्यापक भले गृहस्थ. त्यांनी बबनच्या पाठीवर थाप मारली आणि विषय बदलला. पण सेलूची माणसं एकमेकांकडे बघून हसली, ते साऱ्यांनी पाहिलं.

घरी आल्यावर रूपराव टोपी खुंटीला न अडकवताच बोलू लागले. भर मांडवात तिने घराचं नाक कापलं, भावाला उघडं पाडलं. इतकं शिकवलं त्याचं हे फळ काय? आनंदाबाई मध्ये पडू पाहत होती. कांता भिंतीला टेकून उभी होती. रडायचं नाही असं तिने ठरवलं होतं, तरी डोळे काही ऐकत नव्हते.

“झालं तुहं?” मनकर्णा आत्या म्हणाली. रूपराव थांबले. घरात त्यांना असं विचारू शकणारं तेवढंच एक माणूस होतं.

“बाई, तू यात पडू नको. मी पोरीच्या भल्यासाठीच केलं. तिच्यावर पांघरूण घातलं.”

“मी काही शिकलेली तेवढी नाई. पण तुह्या बबननं पाठ म्हटलं त्यातून मले एक समजलं. हवा ऊन येऊ देते अन् ऊब जाऊ देत नाई, म्हणून पृथ्वी जगते. तू काय केलं? ऊनच अडवलं, अन् म्हणतो ऊब देऊन राह्यलो. याले पांघरूण नाई म्हणत, रूपराव. याले झाकण म्हणतात.”

“लोक काय म्हणतील, याचा विचार...”

“माह्या वेळी बाबा बी लोकायलेच भेले. मी वर्ध्याले निघाली तेव्हा वेशीपर्यंत पोचवाले कोण आलतं, आठवते? तूच आलता. शाळेत जाणारं पोट्टं होता, पण भेला नाई. आता काऊन भेऊन राह्यला?”

रूपरावांनी हातातली टोपी फिरवली, पुन्हा फिरवली.  मग ते खाटेवर बसले आणि खालच्या आवाजात म्हणाले, “भेलो खरं. वाचनालयात बोलणं सोपं असते, बाई.” मग कांताकडे न बघताच, “चुकलो मी, कांते.” बबन उंबऱ्यावर होता. तोही काहीतरी पुटपुटला, ते नीट ऐकू आलं नाही.

एवढ्यात बंडोपंत मास्तर दारात आले. पाहुण्यांना गाडीत बसवून ते तसेच आले होते. स्टेशनवर त्यांना राहवलं नाही. प्रयोग कोणाचा, हे त्यांनी खरं सांगून टाकलं. प्राध्यापकांनी निरोप दिला होता, की येत्या रविवारी कॉलेजात व्याख्यान आहे, त्या मुलीने येऊन माझ्या प्रश्नाचं उत्तर द्यावं. मास्तर दारातच उभे राहिले. “मीही इतकी वर्षं चिठ्ठ्या चालवून घेतल्या,” ते म्हणाले आणि खाली बघू लागले.

रूपराव लगबगीने उठले. चेहऱ्यावर खरोखरच आनंद होता. वर्ध्याला सोबत ते स्वतः येतील, आज रात्रीच बसून काय बोलायचं ते ठरवू, असं ते सांगू लागले.

वाचक बंधू-भगिनींनो, मुलीला शिकवतो असं आपण अभिमानाने सांगतो. पण शिकलेली मुलगी चारचौघांत तोंड उघडते तेव्हा आपणच तिच्या हाती चिठ्ठी देतो आणि तिचा आवाज दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. माया करणं म्हणजे झाकून ठेवणं नव्हे! ज्या घरात मुलीचं डोकं चालतं पण आवाज चालत नाही, त्या घरात शिक्षण अजून पोचलेलंच नाही. आणि फसवून झाल्यावर ‘चुकलो’ म्हणणं चांगलंच, पण तेवढ्याने मोडलेला विश्वास लगेच सांधला जात नाही, हेही मोठ्यांनी ध्यानात ठेवावं.

कांताने डोळे पुसले. आईकडे पाहिलं, मग बाबांकडे.

“बाबा, माय, ऐका. रविवारी मी वर्ध्याले जाऊन राह्यली, आत्यासंग. काय बोलाचं ते मी ठरवीन, अन् जाण्याआधी घरात कोणाले म्हणून दाखवणार नाई. उद्यापासून वर्गात चिठ्ठी बी लिहिणार नाई. सेलूच्या माणसायले मले पाहाचंच असन, तं त्यायनं कॉलेजात यावं. मी विचारून नाई राह्यली. सांगून राह्यली.”