विल्फच्या टोपीचं अस्तर

मी विल्फ ग्रिमशॉची टोपी बोलतेय. जरा हळू बोलते, कारण आत्ता त्याच्याच डोक्यावर आहे. मी पहिल्यापासून भित्री नव्हते हो. या नोव्हेंबरपासून झाले.

विल्फ महायुद्धावरून परतून फुटबॉल क्लबचा गोलकीपर झाला, तेव्हा त्याच्या बायकोनं, नेलीनं, मला बोल्टन गावच्या बाजारातून आणलं. ऊन डोळ्यांवर आलं की मी त्याच्या डोक्यावर, नाहीतर गोलाच्या जाळीत कोपऱ्याला. मजेत चाललं होतं.

मग एका सामन्यात समोरच्या आडदांड गड्यानं त्याला चेंडूसकट गोलात लोटलं. खेळाच्या नियमात गोलकीपरला तसं लोटायला मुभाच आहे. विल्फचं डोकं खांबावर आपटलं. जखमी झाला तरी त्याच्या जागी बदली गडी उतरवता येत नाही. तोंडावरून ओला स्पंज फिरवला आणि तो पुन्हा उभा राहिला. तेव्हापासून त्याला एका चेंडूचे दोन दिसतात, उजेड सोसत नाही. गुपचूप परगावच्या डॉक्टरकडे जाऊन आला. डॉक्टरनं लिहून दिलं, खेळ बंद करा, डोक्याला आणखी एक फटका बसला तर जिवावर बेतेल. ती चिठ्ठी त्यानं माझ्या अस्तरात खुपसली.

कारण राहतं घर क्लबचं, खेळ सुटला की घरही सुटतं. शेजारी राहणाऱ्या, क्लबातच खेळणाऱ्या सिडचा पाय मोडला, तर महिन्याच्या आत त्याचं सामान हातगाडीवरून निघालं. विल्फला दोन मुली आहेत.

आता तो ढगाळ दिवशीही मला घालतो. गोलामागचे लोक चिडवतात, "काय विल्फराव, पावसात ऊन लागतंय का?" मला हसू येत नाही. गोल कुठं आहे ते कळावं म्हणून तो टाचेनं चिखलात रेघ ओढून ठेवतो. माझ्याखाली त्याचं कपाळ घामानं गार पडलेलं असतं.

गेल्या शनिवारी मी खाली पडले, कुणाचा तरी बूट बसला आणि अस्तर फाटलं. रविवारी दुपारी नेली सुईदोरा घेऊन बसली. चिठ्ठी तिच्या हाती लागली. तिनं ती दोनदा वाचली. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

तिनं चिठ्ठी पुन्हा आत सारली आणि मला दुहेरी दोऱ्यानं शिवून टाकलं.

आज परत शनिवार. विल्फनं मला खुंटीवरून काढलं, आतून अंगठा फिरवला आणि नव्या टाक्यांवर थांबला.

"शिवलीस?"

"फाटली होती ना."

दोघं एकमेकांकडं बघेनात.

"चहा निवतोय," ती म्हणाली. मग दारापर्यंत आली. "जपून खेळ रे."

आम्ही मैदानाकडे निघालोय. उन्हाचा पत्ता नाही. मला फार भीती वाटतेय. तिथं मी कुणाच्या हाती लागलेच, तर माझं अस्तर तेवढं उसवा हो.